दुर्बिणीची कांच किती जाड असावी?

स्वहस्तें दुर्बीण तयार करण्याचा छंद अमेरिकेंत वाढीस लागला, त्याचें मोठें श्रेय रसेल पोर्टर ह्यांस आहे. स्प्रिंगफील्ड गांवीं १९२० सालीं त्यांनीं कांहीं रहिवाशांना दुर्बिणीचे आरसे घांसण्यास शिकविलें. ह्या कामास हात घालणाऱ्यापुढें पहिलाच प्रश्न येतो तो हा कीं, कांच किती जाड घ्यावी? हा निर्णय चुकला म्हणजे विद्यार्थ्याचे कित्येक आठवड्यांचे श्रम आणि पालकांचा पैसा, दोन्ही वायां जातात.

कांच कठीण दिसते, तथापि ती स्वतःच्या भारानें वांकते. आरशाच्या पृष्ठभागांत मिलिमीटरच्या सुमारें १४,००० व्या भागाहून अधिक दोष राहिला, तर ताऱ्याची प्रतिमा बिघडूं लागते. जाडी निम्मी केली कीं वांक चौपट होतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर तो सोळापट होतो. म्हणून जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाइतकी असावी, अशी जुनी वहिवाट आहे. शिवाय पातळ कांच घांसतांनाही हाताच्या दाबानें लवते, व घडणींत दोष राहून जातो.

मग हवी तितकी जाड कांच कां घेऊं नये? कारण ती सावकाश निवते. जाडी दुप्पट झाली, तर निवण्यास सुमारें चौपट वेळ लागतो. तोंवर तिचा आकार बदलत राहतो, आणि रात्र मात्र सरून जाते.

भिंगाची गोष्ट निराळी. त्यांतून प्रकाश जावयाचा असल्यानें त्यास केवळ कडेचाच आधार देतां येतो. परंतु भिंग वांकलें, तर त्याच्या दोन्ही बाजू बरोबरच वांकतात, व एकीचा दोष दुसरी बहुतांशीं भरून काढते. म्हणून लहान भिंग तुलनेनें पातळ चालतें. मात्र बहिर्गोल भिंगाची कड धारेसारखी होऊं देऊं नये, नाहीं तर तिचे टवके उडतात. ह्या सवलतीसही मर्यादा आहे. १८९७ सालीं उघडलेल्या यर्कीज वेधशाळेची ४० इंची भिंगाची दुर्बीण संशोधनासाठीं वापरलेल्या भिंगांच्या दुर्बिणींत आजही सर्वांत मोठी आहे. पुढील मोठ्या दुर्बिणी आरशांच्याच झाल्या. १९४८ सालच्या पालोमार येथील २०० इंची आरशाची पाठ तर पोकळ कप्प्यांची आहे, जेणेंकरून भार कमी व्हावा.

विद्यार्थिमित्रहो, आरंभ करणाऱ्यानें ६ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कांच घ्यावी, तयार आरसा मागून तीन बिंदूंवर टेकवावा आणि सायंकाळींच दुर्बीण उघड्यावर ठेवावी. मग शनीचीं कडीं पाहण्याचा आनंद घरांतील सर्वांनाच लाभेल.