काढलेल्या गाठीचा काठ

मंडळी, तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांचं पित्तनलिकेच्या कर्करोगासाठी मोठं ऑपरेशन झालं. पुढे आठवड्याभराने भाचा तपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आला. सोबत पेढ्यांचा पुडा. म्हणाला, "मामा, बघा, मार्जिन पॉझिटिव्ह आलंय!" पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, असा त्याचा भाबडा समज. मी एम.ए. खरा, पण भाषेचा. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा अर्थ कळला, आणि पुडा टेबलावर तसाच राहिला. तो अर्थ आज तुम्हांला सांगायचा आहे.

शेतातली हरळी तुम्ही काढलेली आहे. वरची पाती सहज हाताला येतात. पण मातीखाली तिच्या काशा दूरवर गेलेल्या असतात. एक कांडं राहिलं, तरी पुढच्या पावसात हरळी पुन्हा हजर! पित्तनलिकेचा कर्करोग काहीसा असाच. यकृतात तयार होणारं पित्त बारीक नळ्यांतून गोळा होऊन आतड्याकडे जातं. या नळ्यांना होणारा कर्करोग पुष्कळदा नळीच्या भिंतीतून पुढे सरकतो. डोळ्यांना गाठ इथे संपलेली दिसते, पण रोगाच्या पेशी तिच्या पुढे गेलेल्या असतात. यकृताच्या दाराशी, जिथे उजवी आणि डावी नळी एकत्र येते, तिथली जागा तर फारच अडचणीची. तिथल्या कर्करोगाच्या १३ रोग्यांची हकीकत येल विद्यापीठाच्या डॉ. जेरल्ड क्लॅटस्किन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली; म्हणून त्या गाठीला आजही त्यांचंच नाव आहे.

म्हणूनच सर्जन नुसती गाठ काढत नाहीत. तिच्याभोवतीचा चांगला दिसणारा भागही काढतात. कित्येकदा निम्म्याहून अधिक यकृत काढावं लागतं. आता तुम्ही म्हणाल, मग माणूस जगतो कसा? यकृताचा गुणच असा, की उरलेला भाग वाढून बरीच भरपाई करतो. निरोगी यकृताचा साधारण पाव हिस्सा राहिला तरी काम निभावतं. आजारी यकृताचा मात्र अधिक भाग ठेवावा लागतो. मागे राहणारा भाग फारच लहान असेल, तर काढायच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी आधीच बंद करतात, म्हणजे दुसरा भाग काही आठवड्यांत वाढतो. जपानचे डॉ. मासातोशी माकुउची आणि त्यांचे सहकारी यांनी या युक्तीची माहिती १९९० साली प्रसिद्ध केली.

काढलेला भाग मग प्रयोगशाळेत जातो. त्याच्या कापलेल्या कडांना शाई लावतात, पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शाईच्या रेघेवर रोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, तर काठ स्वच्छ. कागदावर 'आर-शून्य' किंवा 'मार्जिन निगेटिव्ह' लिहितात. पेशी दिसल्या, तर 'आर-एक' किंवा 'मार्जिन पॉझिटिव्ह'. म्हणजे इथे निगेटिव्ह चांगलं आणि पॉझिटिव्ह वाईट, बरं का! ऑपरेशन चालू असतानाही नळीच्या टोकाचा तुकडा गोठवून तपासतात, आणि शक्य असेल तर आणखी थोडी नळी कापतात. पण शेजारी यकृताला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्या असतात. हवं तेवढं कापत जाणं कुणाच्याच हाती नसतं. म्हणून काठ पॉझिटिव्ह आला की सर्जनने कसूर केली, असं समजू नये.

या काठाचा आयुष्याशी संबंध किती? यकृताच्या आतल्या पित्तनलिकांच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या दोनशेहून अधिक रोग्यांचा अभ्यास फ्रान्समधील सर्जनांनी २०११ साली प्रसिद्ध केला. रोग लसीकाग्रंथींत पोचलेला नसेल, तर स्वच्छ काठाचा फायदा मोठा दिसला. ग्रंथींत पोचला असेल, तर काठ स्वच्छ असूनही फारसा फरक दिसला नाही. बांधापलीकडे बी उडून गेल्यावर वाफा कितीही स्वच्छ केला, तरी काम अपुरंच. तेव्हा कागदावर काठाबरोबर ग्रंथींचाही निकाल वाचून घ्या.

आणि काठ पॉझिटिव्ह म्हणजे सारं संपलं असंही नाही. पित्तनलिका आणि पित्ताशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ४४७ रोग्यांवरील ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल २०१९ साली आला. त्यांत आर-एकचेही रोगी होते. निम्म्यांना सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्या. रोग्यांना आयुर्मानाच्या क्रमाने उभं केलं, तर मधला रोगी गोळ्यांच्या गटात सुमारे ५१ महिने जगला, दुसऱ्या गटात सुमारे ३६. गणिताच्या काटेकोर कसोटीला हा फरक थोडक्यात उतरला नाही. पण सर्व बाबी पाहून ऑपरेशननंतर हे औषध देण्याची पद्धत पडली.

दाजींनाही त्या गोळ्या मिळाल्या. त्यानंतर दोन सुगी त्यांनी पाहिल्या, तिसरी नाही. आधीचा दीड महिना मात्र कावीळ उतरवणाऱ्याकडे गेला होता. तो वाचला असता तर काठ स्वच्छ आला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी आणि मातकट पांढरा शौच दिसला, तर मंत्र आणि झाडपाल्यात दिवस घालवू नका. डॉक्टरकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या. ऑपरेशन ठरलं, तर यकृताची अशी ऑपरेशनं नेहमी होतात त्याच ठिकाणी जा.

गुरुजी मंडळींना एक विनंती. गावात असा कागद बहुधा प्रथम तुमच्याच हाती येतो. पॉझिटिव्ह शब्द दिसला की आधी विचारा, कशाला पॉझिटिव्ह? काठ कसा, ग्रंथी किती तपासल्या, त्यांत रोग किती, पुढे औषध कोणतं, हे प्रश्न वहीत लिहून घरच्यांबरोबर पाठवा. पेढे आणायचे की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.