लोकल थांबते, शरीर थांबत नाही

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. सकाळी जागा पकडण्यासाठी आणि संध्याकाळी लवकर जिना गाठण्यासाठी लोकल पुरती थांबण्याआधीच चढणारे-उतरणारे या स्थानकांवर रोज दिसतात. त्यात नववी-दहावीची मुलेही असतात. गतीचे नियम त्यांनी शाळेत पाठ केलेले असतात, पण ते फलाटावरही लागू होतात हे लक्षात येत नाही.

गाडीतला प्रवासी गाडीच्याच वेगाने पुढे जात असतो. फलाटावर पाय टेकताच घर्षणामुळे पाय थांबतात, धड आणि डोके मात्र पुढे जात राहतात. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला जडत्वाचा नियम तो हाच. म्हणून गाडीच्या दिशेने तोंड असलेला माणूस पुढे कोसळतो आणि उलट्या दिशेने उतरणारा पाठीवर पडतो. त्यात डोक्याची मागची बाजू आपटते. तोल गेला तर गाडी आणि फलाट यांमधली फटही जवळच असते.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी 18 किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सव्वा मीटरवरून पडणे. ताशी 36 किलोमीटरला तीच उंची पाच मीटर होते.

दारात लटकणाऱ्यांचा धोका वळणावर वाढतो. गाडी वळते, शरीर सरळच जाऊ पाहते आणि त्याला वळवण्याचे काम दांडा धरलेल्या हातावर येते. पाठीवरच्या सॅकचे वजनही त्याच हाताला पेलावे लागते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले. त्यात किमान चौघांचा जीव गेला.

डोके आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर पुढे सरकतो. त्यामुळे बाहेर जखम नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. पडल्यानंतर ओकारी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर घरी झोपवून न ठेवता लगेच रुग्णालयात न्यावे. पडलेल्याला ओढून उभे करू नये. रुळांवरचा धोका नसेल तर मान न हलवता झोपवून ठेवावे आणि रेल्वेच्या 139 क्रमांकावर कळवावे.

गाडी पूर्ण थांबायला जे चार-पाच सेकंद लागतात, तेवढ्या वेळात ब्रेक प्रवाशाचा वेगही हळूहळू शून्यावर आणतात. तोपर्यंत आतच उभे राहावे.