टाळ का थांबत नाहीत?

मधल्या सुट्टीत नळापाशी रांग आहे. घसा कोरडा पडलाय. तेवढ्यात एकजण मागून येतो आणि खुशाल पुढे घुसतो. तुम्ही काय करता? ढकलता, ओरडता, शर्ट ओढता. बाईंना सांगावं हे सुचायच्या आत हात पुढे गेलेला असतो! (आईबाबांनी हसू नये. बसच्या रांगेत त्यांचंही असंच होतं.)

आता एक खूप मोठी रांग पाहू या. आषाढी वारीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपूरला पोहोचते. बरोबर लाखो माणसं, शेकडो दिंड्या. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, काही माउलींच्या रथापुढे, बाकीच्या मागे. ऊन, पाऊस, चिखल, त्यात दिवे घाटाचा चढ. एवढ्या गर्दीत धक्का लागणारच. एखादी दिंडी भलत्याच जागी घुसते, कुणाच्या तंबूच्या जागेवर दुसराच तंबू ठोकतो. राग येतो हो, वारकरीही माणूसच की! पण इथे रागाला वेळ नेमून दिलेली आहे, संध्याकाळच्या समाज आरतीची.

मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. पालखी मधोमध येते. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि क्षणात सगळं चिडीचूप! फक्त एका कोपऱ्यात टाळ खणखणतच राहतात. नवख्या माणसाला वाटतं, यांचं लक्ष नाही की काय? पण ते मुद्दाम असतं. ज्या दिंडीची तक्रार असेल तिनेच टाळ वाजवत राहायचं, अशी रीतच आहे. मग चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, तोडगा काढतात. तेव्हाच ते टाळ थांबतात.

म्हणजे मुकाट्याने सोसायचं असं मुळीच नाही, बरं का. टाळ वाजवायचे, चांगले जोरात वाजवायचे, पण भर रस्त्यात गळा धरायचा नाही. सकाळी धक्का बसला तर संध्याकाळपर्यंत मुखात हरिनाम आणि पायाखाली वाट. मला तर वाटतं, निम्म्या तक्रारी वाटेतच गळून पडत असतील. उरलेल्या माउलींच्या पालखीसमोर येतात. माउली ऐकते आहे, अशी वारकऱ्याची श्रद्धा असते. मग हिशेब आत्ताच, आपल्याच हातांनी चुकता करायची घाई कशाला?

या सोहळ्याला ही शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. त्यांची एक गोष्ट सांगतात. गावी परतताना लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तोंडाशी मोठा दगड लावला. बाबा आत हरिपाठ म्हणत बसून राहिले. पुढे लुटारूंच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात त्याने दगड हटवला, तर आत हरिपाठ चालूच! गोष्ट ऐकीव असेल, पण असा माणूस रागावलेल्या दिंडीला संध्याकाळपर्यंत थांब म्हणू शकतो, हे मात्र पटतं.

तक्रारी संपल्या की हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. उद्या किती वाजता निघायचं तेही सांगतात. मग आरती होते आणि सगळे आपापल्या राहुट्यांकडे वळतात. सकाळी भांडायला निघालेल्या त्या दोन दिंड्यासुद्धा.