मुंबईचे तीन झोन आणि रिकामी जागा

परभणी जिल्ह्यातलं चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन. तिथल्या मोबाइलवर उघडलेलं अ‍ॅप अनेकदा मुंबई परिसरातल्या सर्व्हरवर चालत असतं. ते बंद पडू नये म्हणून क्लाउड कंपन्यांनी केलेली तजवीज म्हणजे अ‍ॅव्हेलेबिलिटी झोन: डेटा सेंटरांचे वेगळे गट, प्रत्येकाची वीज आणि शीतकरण स्वतंत्र, मध्ये फायबरची जोडणी. अ‍ॅमेझॉनने जून 2016 मध्ये मुंबईत दोन झोनवर सुरुवात केली. तिसरा 2019 मध्ये आला. तिसऱ्याचं महत्त्व मोठं. दोघांचा आपसातला संपर्क तुटला तर कोणाची नोंद खरी हे ठरत नाही. तिघांत बहुमत होतं. हे झोन शंभर किलोमीटरच्या आत असतात, असं कंपनी सांगते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तेवढं अंतर जाऊन यायला एक मिलिसेकंद. नोंद दुसरीकडे पोहोचल्याची पावती येईपर्यंत थांबणं त्यामुळे परवडतं.

पण नुसत्या वाटणीने भागत नाही, हा धडा मुंबईला विजेने आधीच दिला आहे. राज्याचं ग्रीड कोसळलं तर शहराने आपोआप सुटून स्वतःच्या विजेवर तगावं, अशी ‘आयलँडिंग’ व्यवस्था तिथे 1981 पासून आहे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी उच्चदाब वाहिन्या एकामागून एक ट्रिप झाल्या, मुंबई ग्रीडपासून सुटलीही. पण आतली निर्मिती मागणीला पुरली नाही आणि बेटही बुडालं. लोकल जागच्या जागी थांबल्या. झोनचा हिशेब हाच आहे. तिन्ही 80 टक्के भरलेले असताना एक गेला, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी 120 टक्के भार येतो. प्रत्येकात एक तृतीयांश जागा रिकामी ठेवली असेल तरच दोघे टिकतात, आणि त्या रिकाम्या जागेचं बिल दरमहा येतं.

क्लाउड हवा तेव्हा वाढवता येतो, मग आधीच पैसे का मोजायचे, हा आक्षेप रास्त वाटतो. अडचण अशी की झोन पडला की सगळेच ग्राहक त्याच मिनिटाला उरलेल्या झोनांत मशीन मागतात. ही गर्दी किती नैसर्गिक आहे ते एका बारीक गोष्टीत दिसतं. यादीतला पहिला म्हणून सगळे ‘ए’ झोनच निवडतील, या धास्तीने अ‍ॅमेझॉनने वर्षानुवर्षं प्रत्येक खात्याला ही अक्षरं वेगळ्या क्रमाने वाटली. तुमचा ‘ए’ शेजारच्या कंपनीचा ‘सी’ असू शकतो. मला ही युक्ती फार आवडते. माणसाच्या आळसाचा एवढा प्रामाणिक हिशेब अभियंते क्वचितच करतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मार्च 2021 मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं आणि शेजारच्यालाही झळ बसली. नावं वेगळी, आवार एकच. ऑक्टोबर 2025 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये एका डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद बिघडली, तेव्हा सगळे झोन धडधाकट असूनही असंख्य सेवा बसल्या. भिंती आग अडवतात, सामायिक सॉफ्टवेअरमधली चूक नाही. तरीही झोन निरुपयोगी ठरत नाहीत. वीज, पाणी, आग हे रोजचे धोके आहेत. सामायिक काय उरलंय, ते मात्र ज्याचं त्यानेच शोधायला हवं. नेटफ्लिक्सने त्यासाठी ‘केऑस गोरिला’ हे साधन बनवलं: अख्खा झोन गेल्याचा प्रसंग मुद्दाम घडवायचा. आपल्या सहकारी बँकांनी असा सराव एकदा जरी केला, तरी तिन्ही झोनांचं लॉगिन एकाच झोनमधल्या एकाच सर्व्हरवर टांगलेलं सापडण्याची शक्यता बरीच आहे.