१२५ फुटांचे बाबासाहेब आणि रिकामे आसन : हैदराबाद ते अमरावती

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. हाच रस्ता पुढे विजयवाड्याहून मछलीपट्टणमला समुद्रापर्यंत जातो. वस्तीतल्या अभ्यासवर्गातील काही तरुण-तरुणींना घेऊन मी या वाटेने गेले. ठरवले होते एवढेच की, वाटेत लागणारे महाकाय पुतळे बघायचे आणि ते एवढे मोठे का, हे समजून घ्यायचे.

पहिला मुक्काम हैदराबाद. हुसेनसागर तलावाच्या मध्यभागी तथागतांची एकाच ग्रॅनाइट शिळेत कोरलेली सुमारे ५८ फुटी उभी मूर्ती आहे. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना ही कल्पना पुढे आली. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पाहून त्यांना ती सुचली असे सांगतात. मार्च १९९० मध्ये तराफ्यावरून नेताना मूर्ती तलावात बुडाली आणि काही कामगारांचा जीव गेला. दोन वर्षांहून अधिक काळ ती पाण्याखाली होती. १ डिसेंबर १९९२ रोजी ती उभी राहिली. संध्याकाळच्या रोषणाईत फोटो काढताना त्या कामगारांची आठवण कुणाला येत नाही. आम्ही तिथे दोन मिनिटे शांत उभे राहिलो.

तलावाजवळच १२५ फुटांचे बाबासाहेब आहेत. संसद भवनाच्या आकाराच्या ५० फुटी चबुतऱ्यावर उभ्या असलेल्या या पुतळ्याचे अनावरण १४ एप्रिल २०२३ रोजी झाले. शिल्पकार राम सुतार, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातले. बाबासाहेबांची १२५वी जयंती २०१६ साली झाली, तीच संख्या पुतळ्याची उंची झाली. विजयवाड्यातही तेच. १९ जानेवारी २०२४ रोजी स्वराज मैदानावर अनावरण झालेला पुतळा १२५ फुटांचाच आहे, पण चबुतरा ८१ फुटांचा. म्हणजे जमिनीपासून २०६ फूट. दोन राज्ये, दोन सत्ताधारी पक्ष, नऊ महिन्यांचे अंतर. दोन्हीकडे निवडणूक तोंडावर होती आणि दोन्ही ठिकाणी ते सरकार पुढे हरले. पुतळे मात्र आहेत तिथेच आहेत.

मग हे सगळे फक्त मतांचे राजकारण आहे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे. गावच्या चौकात बाबासाहेबांचा छातीएवढा पुतळा बसवायला ज्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, त्यांना राजधानीच्या मधोमध उभ्या असलेल्या १२५ फुटांचा अर्थ वेगळा लागतो. सार्वजनिक जागा कुणाची, या प्रश्नाचे ते उत्तर असते. आमच्यातली एक मुलगी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ताई, इथं कुणी खाली बघायला लावू शकत नाही." समाजशास्त्राच्या पुस्तकात मला हे इतके नेमके सापडले नव्हते.

पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच बजावले होते की, राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पुतळा अभिमान देतो तोवर ठीक. तो प्रश्न विचारणे बंद करू लागला, तर सावध व्हायला हवे.

शेवटचा मुक्काम अमरावती. आपल्या विदर्भातली नव्हे, कृष्णाकाठची. इथे नदीकिनारी १२५ फुटांचे ध्यानस्थ बुद्ध आहेत. खालचे आठ खांब म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग. जवळच प्राचीन महास्तूपाचे अवशेष आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथले दगड बांधकामासाठी उपसले जात होते. पुढे उरलेली अनेक शिल्पे चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत गेली. त्यातल्या जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात दिसतच नाहीत. दिसतात ते बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा आणि रिकामे आसन. भोवती हात जोडलेली माणसे. बुद्ध आहेत, पण शरीर नाही.

एकाच गावात हे दोन्ही बघितले, तेव्हा प्रवासाचे सार हाती आले. पाऊलखुणा चालायला सांगतात, तर उंच मूर्ती थांबून वर बघायला लावते. दोन्हींची गरज असते, पण दुसरीने पहिलीची जागा घेऊ नये.

दादरच्या इंदू मिलमध्ये आपल्याकडे ३५० फुटांचा पुतळा ठरला आहे. आपण तिथे जरूर जाऊ. पण जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत. तो उभारणाऱ्या कामगारांना काय मिळाले? चबुतऱ्याच्या आत वाचायला, शिकायला काय आहे? आणि हा पुतळा बांधणाऱ्या सरकारने त्याच काळात आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे, वसतिगृहांचे काय केले?

उत्तरे समाधानकारक असतील तर मान आणखी ताठ होईल. नसतील, तर ती मागायची कशी, हेही बाबासाहेबांनीच शिकवले आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.