एका किटलीपायी अख्खा मजला अंधारात?

सबमिशनची आदली रात्र. शेजारच्या खोलीत कुणीतरी मॅगीसाठी किटली लावतं आणि खट्‌! एका खोलीचे नाही, अख्ख्या मजल्याचे लाइट जातात. वाय-फाय बंद, अपलोड अर्धवट. हॉस्टेल किंवा पीजीत राहणाऱ्यांना हा सीन नवीन नाही. दोन-तीनदा असं झालं की कुणीतरी उपाय सुचवतंच, ‘वायरमनला सांगून तो ट्रिपर डायरेक्ट करून टाकू या.’ दोस्तांनो, हा उपाय जिवावर बेतू शकतो.

तो पडतो म्हणून आपण वाचतो

बोर्डातला एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो. पण करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातोय, हे त्याला कळत नाही. ते काम आरसीसीबीचं. सवयीने आपण त्यालाही ईएलसीबीच म्हणतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, याचा हिशेब तो सतत ठेवतो. कमी आला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. मग तो क्षणात सप्लाय तोडतो.

माणसांच्या बचावासाठी तो ३० मिलिअँपिअरचा लागतो. ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त करंट घेतो. पण एवढासा करंटही शरीरातून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

मग चुकतं कुठे?

चुकतं ते वाटणीत. बऱ्याच ठिकाणी सगळ्या खोल्यांना मिळून एकच आरसीसीबी असतो. लॅपटॉपचे चार्जर, कॉम्प्युटर यांची थोडीशी गळती नेहमीचीच असते. आठ खोल्यांची ती एकत्र झाली की बेरीज वाढते. त्यात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. आधीच काठावर असलेल्या सर्किटवर एखादी ओलसर किटली लागली, की संपलं!

यावर उत्तर म्हणजे आरसीसीबींचं ‘कोऑर्डिनेशन’. प्रत्येक खोलीला किंवा दोन-तीन खोल्यांच्या गटाला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी आणि वर मेनला १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा. मेनचा आकडा खालच्याच्या निदान तिप्पट हवा.

पण नुसता आकडा मोठा असून भागत नाही. गीझरची फेज त्याच्या पत्र्याला लागली, तर गळती दोघांच्याही मर्यादेबाहेर जाते आणि दोघं एकदमच पडू शकतात. म्हणून मेनचा आरसीसीबी ‘एस’ टाइपचा, म्हणजे थोडा उशिरा पडणारा घ्यायचा. गळती मोठी असेल, तर खालचा ४० मिलिसेकंदांच्या आत तुटतो. वरचा तेवढा वेळ मुद्दाम दम धरतो. दोष त्या खोलीपुरता राहतो, बाकीच्यांचा अभ्यास चालू.

मात्र मेनला ३०० चा आहे म्हणून खालचे ३० चे काढून टाकले, तर माणसाला वाचवणारं कुणी उरत नाही. आणि खोल्यांचे न्यूट्रलही वेगवेगळेच ठेवावे लागतात. ते एकमेकांत मिसळले, तर विनाकारण ट्रिपिंग होतं.

रूम बघायला जाल तेव्हा

* आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर लिहिलंय का, ते बघा. मेनवर चौकटीतला ‘एस’ शोधा.
* ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ बटण दाबल्यावर तो पडला पाहिजे. आधी रूममेट्सना सांगा, मग दाबा! या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या.
* वारंवार पडत असेल, तर एकेक वस्तू काढून बघा. ज्या वस्तूमुळे पडतो, ती वापरू नका.
* नळाला किंवा गीझरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन बंद करून लगेच रेक्टर किंवा मालकांना सांगा.

फेज आणि न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागला, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही. त्यामुळे उघड्या वायरशी खेळ नकोच. आणि घरमालक ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाले, तर ‘काका, त्यापेक्षा खोलीला वेगळा आरसीसीबी बसवा’ असं बिनधास्त सांगा.