पिठल्यातील गुठळीचे शास्त्र

पिठल्यात गुठळ्या झाल्या की त्यांचा सारा ठपका करणाऱ्याच्या हातावर ठेवण्याची आपल्याकडे पूर्वापार वहिवाट आहे; परंतु उकळत्या आधणात पीठ पडताच पहिल्या काही क्षणांत तेथे काय घडते हे पाहिले, तर हातापेक्षा उष्णतेचाच अपराध मोठा ठरावा.

कोरड्या पिठाच्या ढिगात जितके कण तितक्याच त्यांच्यामधल्या फटी, आणि त्या फटींत हवा. ती हुसकून पाण्याला केशाकर्षणाने आत शिरावे लागते. फट जितकी बारीक तितकी पाण्याला ओढणारी शक्ती अधिक, हे खरे. पण प्रवाहाचा विरोध त्याहूनही झपाट्याने वाढतो, आणि या दोहोंचा मेळ घालणाऱ्या एडवर्ड वॉशबर्न यांच्या १९२१ च्या समीकरणानुसार पाण्याला दुप्पट खोल जाण्यास चौपट वेळ लागतो. जाडसर रव्यापेक्षा वस्त्रगाळ पीठ गुठळ्या अधिक धरते ते यामुळेच.

तेवढा वेळ उकळते पाणी देत नाही. हरभऱ्याच्या पिठातील स्टार्च थंड पाण्यात जवळजवळ निष्क्रिय असतो. मात्र साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान त्याचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची खळ होते. ढिगाच्या पृष्ठभागावर ही खळ तत्काळ जमते, फटी बुजतात, आणि पुढच्या पाण्यास आत मज्जाव होतो. बराच वेळ रटरटलेली एखादी गुठळी पळीने फोडून पाहावी: बाहेर चिकट, तुकतुकीत साल, तिच्याखाली ओलसर थर आणि मध्यभागी अगदी कोरडे, कच्च्या वासाचे पीठ.

यावरच्या तजविजी आपल्या स्वयंपाकघराने केव्हाच शोधल्या आहेत. आंबिलीसाठी नाचणीचे पीठ आधी थंड पाण्यात किंवा ताकात कालवायचे, म्हणजे खळ होण्यापूर्वीच कण सुटे भिजतात. रवा तुपावर परतायचा, म्हणजे कणांवर स्निग्धतेचा पातळ लेप बसून ते एकमेकांस धरत नाहीत. आणि पीठ वैरायचेच असेल तर बारीक धारेने, दुसऱ्या हाताने ढवळत.

दुधाच्या भुकटीची गोष्ट मात्र मोठी गमतीची आहे. फवारून वाळवलेली ही भुकटी इतकी सूक्ष्म की ती पाण्यावर तरंगते आणि तिचे गोळे होतात; १९५० च्या दशकात अमेरिकेत डेव्हिड पीबल्स यांनी ती किंचित ओलसर करून, कणांचे सच्छिद्र पुंजके बांधून पुन्हा वाळवण्याची रीत काढली. पुंजक्यांतील रुंद फटींतून पाणी झरकन शिरते, ते बुडतात आणि विरघळतात. गुठळीवर उतारा म्हणून आधीच केलेली गुठळी!

इसबगोलाला तर फुगण्यासाठी उष्णतेचीही गरज नसते. थंड पाण्यातच त्याचा बुळबुळीत गोळा होतो, म्हणून तो साखरेत मिसळून, भरपूर पाण्यात ढवळून लगेच प्यावा. कोरडा मात्र कधीही तोंडात टाकू नये. घशात अडकून फुगला तर जिवावर बेतू शकते.